लोखंडी बाळ आणि बारा चिठ्ठ्या

नंदे, ये, अशी माझ्या उजव्या बाजूला बस. डाव्या कानाला आता कुकरची शिट्टी सोडली तर काही ऐकू येत नाही. पुण्याहून तुला येणं होत नाही, म्हणून कागदावरच जवळ बोलावते आहे. आणि तोंड पाडू नकोस, रागवायला नाही बोलावलं. म्हणजे थोडं रागवायलाच बोलावलं आहे.

तुमच्या कार्यालयाच्या दिवाळी अंकासाठी लेख दे म्हणून सहा महिने माझ्या मागे लागलीस. आणि परवा फोनवर हसत हसत काय सांगितलंस? तुमच्या समितीपुढे रक्तदाब मोजायचं कसलंसं नवीन यंत्र आलं होतं, बैठक लांबली, तुला भूक लागली, मग साहेबांच्या सहीखाली "सहमत" लिहून तू मोकळी झालीस. यंत्राला हात तरी लावलास का, म्हणून मी विचारलं. तर म्हणालीस, "मावशी, एवढ्या लोकांनी बघितलं होतं की."

तेव्हाच ठरवलं, लेख देते. अंकाच्या बाकीच्या वाचकांनीही थोडं सरकून घ्यावं, जागा भरपूर आहे.

माझं काम नेमकं काय होतं, हे आमच्या मस्तगडच्या गल्लीला शेवटपर्यंत कळलं नाही. बाई मशिनी दुरुस्त करतात, अशी सगळ्यांची पक्की समजूत. एकदा शेजारीण मिक्सर घेऊन आली. "वहिनी, तुम्ही मशिनी तपासता ना? बघा बरं, चटणी वाटताना नुस्ता रडून राह्यला." मी मिक्सरला हात लावला नाही. चटणीत पाणी किती घालतेस, एवढंच विचारलं. ती घालतच नव्हती. घरी आई पाट्यावर कोरडी वाटायची, तसंच तिनं मिक्सरला वाटायला लावलं होतं. आता मिक्सर खराब की बाई खराब? दोन्ही नाही. मिक्सर ज्या हातांत जाणार होता ते हात आधी कोणी बघितले नव्हते, एवढंच. माझ्या धंद्याचं निम्मं शास्त्र त्या चटणीत आहे.

दवाखान्यासाठी नवनवी साधनं येतात. ताप मोजायची, वजन करायची, लस थंड ठेवायची. जिल्हाभर वाटण्याआधी दहाबारा जाणती माणसं ती वापरून बघतात आणि घ्यावीत की नाही ते सांगतात. डॉक्टर असतात, औषधं देणारे फार्मासिस्ट असतात, स्टोअरवाले असतात. पारख कशी करायची हे त्या माणसांना शिकवायचा वर्ग आखणं, हे माझं काम. मी यंत्रं पारखत नव्हते, पारखणारे घडवत होते. मला मात्र हे कोणीच शिकवलं नव्हतं.

मूळची मी नर्स. आष्टीच्या बाजूला पायी वाड्यावस्त्या करायचे. एका पुलावरून घसरले, पाय मोडला, तो वाकडाच बसला. मग जालन्याच्या प्रशिक्षण केंद्रात मला एक खुर्ची दिली. जिल्हा नुकता वेगळा झाला होता, केंद्रात माणसांपेक्षा खुर्च्याच जास्त होत्या. अशात वरून पत्र आलं, नवीन साधनं पारखणाऱ्यांचं प्रशिक्षण घ्या. मोठ्या साहेबांनी कोपऱ्यात खालच्या साहेबांचं नाव लिहिलं, त्यांनी त्यांच्या खालच्याचं. उतरत उतरत पत्र माझ्यापाशी आलं. माझ्या खाली फक्त फरशी होती. म्हणून ते काम माझं.

पहिला वर्ग मी कसा घेतला ते सांगायला अजून लाज वाटते. कोणीतरी इंग्रजी जाडजूड पुस्तक दिलं होतं. शब्दकोश मांडीवर घेऊन दोन महिने त्याच्याशी झगडले, चाळीस पानं लिहून काढली आणि दुपारच्या जेवणानंतर ती वाचायला उभी राहिले. भाकरी, वांग्याची भाजी, वर पंखा. तिसऱ्या पानावर सगळा वर्ग झोपला. शेवटी परीक्षा घेतली तर सगळ्यांना पैकीच्या पैकी मार्क. मला केवढा आनंद. मागे वळून बघते तर उत्तरं फळ्यावर तशीच, पुसायचीच राहिलेली.

खरं शिक्षण मला दिलं ते ताप मोजायच्या इलेक्ट्रिक कांडीनं. आपल्याकडे नवीन वस्तू आली की आधी पूजा. समितीनं नारळ फोडला, कांडीला हळदकुंकू वाहिलं, वर नारळाचं पाणी शिंपडलं, फोटो काढला आणि कागदावर "समाधानकारक" लिहून सह्या केल्या. कांडी चालू कोणीच केली नव्हती. पहिल्यांदा ती लागली आमचे स्टोअरकीपर गफ्फारभाई यांना. धडधाकट माणूस, तरी कांडी एकशेपाचाच्या खाली यायला तयार नाही. मी गेले तर गफ्फारभाई स्टोअरच्या बाकावर डोळे मिटून आडवे.

"काय होऊन राह्यलंय, गफ्फारभाई?"

"मला कायबी न्हाई, बाई. बिलकुल बराबर आहे. पण मशीन इतकं बोलून राह्यली, तर लेटून घेतलं."

त्या दिवशी मी घरी जाऊन पाटीवर तीन प्रश्न लिहिले. हे खरं सांगतं का? कोणाच्याही हातात, कुठंही, तेच सांगतं का? आणि जे सांगतं त्यानं आपलं काही काम होतं का? पुढची वीस वर्षं मी या तीन प्रश्नांवर काढली. नियमही एक केला, आधी वापर, मग पूजा.

एवढं करूनही एक गाठ सुटत नव्हती. सह्यांची.

आमचे मोठे साहेब हुशार डॉक्टर, मनानं निर्मळ. पण त्यांचा आवाज खोलीत आधी शिरायचा, ते मागून यायचे. साधनाला नुसतं बोट लावून "चांगलं आहे" म्हणायचे आणि सही ठोकायचे. मग तो कागद सेवाज्येष्ठतेनं फिरायचा. साहेबांच्या खाली "सहमत", त्याच्या खाली "सहमत", त्याच्याही खाली "सहमत". वरून खाली नुसता जिना. साहेबांनी चांगलं म्हटलेल्या वस्तूला वाईट म्हणणं हा त्या वस्तूचा नाही, साहेबांचा अपमान, असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो. आम्ही म्हणजे मीसुद्धा.

आता काट्याची गोष्ट.

बाळांचं वजन करायचा नवीन इलेक्ट्रिक काटा आला. पांढराशुभ्र, वर हिरवे आकडे. त्याआधी आमच्या नर्सा झोळीचा काटा वापरायच्या. आड्याला स्प्रिंगचा काटा टांगायचा, खाली कापडी झोळी, झोळीत बाळ. नवजात बाळ अडीच किलोच्या खाली भरलं तर जोखमीचं, त्याच्याकडे डोळ्यांत तेल घालून बघायचं, असा नियम. म्हणजे पावशेराच्या फरकावर लेकराचं सगळं अवलंबून. समितीनं हा काटा सनमायकाच्या टेबलावर ठेवला, वर प्लॅस्टिकची बाहुली ठेवली, आकडा आला, जिना पूर्ण झाला. खरं सांगते, त्या बैठकीतला काटा मला आठवत नाही, कचोरी आठवते. मग दहा नर्सांना एकेक काटा तीन महिने घरोघरी वापरायला दिला.

एका बुधवारी पिंपळगाव रेणुकाईची नर्स शांता माझ्या दारात उभी. नोकरीत नवी, बोलायला हळू. खांद्यावर झोळीच्या काट्याची पिशवी आणि हातात कागद.

"बाई, सकाळच्या गाडीनं आल्ते. हे वाचा."

साहेबांच्या कचेरीतून निघालेला मेमो होता. सदर कर्मचारी यांची उपकरण हाताळण्याची क्षमता दिसून येत नाही, शनिवारपर्यंत खुलासा करावा.

"तुझी कायम व्हायची ऑर्डर आली का गं?"

"तीच अडकून राह्यली. दोन वर्षं झाले वाट बघून. आता हे फायलीत लागलं, तर घरी बसावं लागंल."

"काट्याचं झालं काय?"

"बाजेवर ठेवला तर एक सांगतो, सारवल्या भुईवर दुसरं, उंबऱ्यापाशी तिसरं. एका लेकराचं दोन किलो सातशे दाखवून राह्यला. पण लेकरू दूध ओढंना. मंग मी झोळी टांगली, तर दोन किलो तीनशे. मी झोळीचं ऐकलं. सासूबाईला म्हटलं, जल्दी दवाखान्यात चला. अन् रजिस्टरात लिहिलं, नवीन काट्यावर भरवसा न्हाई. तेवढंच लिहिलं, बाई."

"लेकरू?"

"आहे. आता रडून रडून घर डोक्यावर घेऊन राह्यलंय."

"मग तुझं चुकलं कुठं?"

"साहेबांनी चांगला म्हटलेल्या काट्याला मी वाईट म्हटलं. तुमचीबी सही आहे त्याच्यावर. तिसऱ्या नंबरावर."

टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर मी उलट बोलून मोकळी झाले असते. तिनं नुसतं सांगितलं, आणि माझे कान तापले. वर्ग घेणारी म्हणून साहेब माझीही सही वरच घ्यायचे, आणि या पोरीची नोकरी माझ्याच "सहमत"नं अडवली होती. मी, जी इतरांना पारख शिकवते.

साहेबांकडे जाऊन रदबदली करावी असं आधी मनात आलं. पण ते म्हणाले असते, लीलाबाई, बारा माणसांना जो काटा कळतो तो एकटीला कसा कळत नाही? आणि बारा सह्या पुढे केल्या असत्या. योगायोग असा की शुक्रवारी माझा पारखणाऱ्यांचा वर्ग होता, माणसं बहुतेक त्या सह्यांतलीच. शांताला म्हटलं, तू शुक्रवारी ये. खुलासा लिहू नकोस, मी लिहिते. मी कागदावर लिहिणार नव्हते.

मस्तगडच्या आमच्या किराणावाल्याकडून लोखंडी वजनं मागून आणली. एक दोन किलोचं, एक दोनशे ग्रॅमचं, दोन्हीवर सरकारी शिक्का. दुपट्यात गुंडाळली, वर माझ्या धाकट्याची कुंची घातली आणि त्याच दुकानच्या तराजूत सगळं तोललं. कपड्यांसकट बराबर दोन किलो तीनशे. जोखमीचं बाळ. गफ्फारभाईंना म्हटलं, केंद्राच्या मागचा ओटा शेणानं सारवून घ्या आणि कुठून तरी एक बाज आणा, जुनी, सैल विणीची.

"बाई, हे ट्रेनिंग आहे का बारसं?"

"दोन्ही समजा."

गफ्फारभाईंनी बाळाकडे बघितलं, स्टोअरमधून काजळाची डबी शोधून आणली आणि कुंचीवर तीट लावली. म्हणाले, "इतके डॉक्टर लोक बघणार. नजर लागंल."

आता अडचण साहेबांची. ते उद्घाटनाला यायचे, दोन शब्द बोलायचे आणि निघून जायचे. त्या दिवशी मी दारातच गाठलं. "साहेब, बारावा माणूस आला न्हाई. एक चिठ्ठी कमी पडून राह्यली. दहा मिनिटं बसा." बसले. पण ते बसले म्हणजे बोलणार, आणि ते बोलले की सगळ्या चिठ्ठ्यांवर तेच उतरणार. त्याचीही सोय केली होती. साहेबांना पानाचा शौक. चौकातल्या त्यांच्या नेहमीच्या पानवाल्याला मी सांगितलं होतं, साहेबांचंच पान लावा, पण दोन पानांचं एक करा. तोंडात पान असलं की साहेब थुंकून येईपर्यंत एक अक्षर बोलायचे नाहीत, ही त्यांची शिस्त. पान बघून साहेब खूश झाले. गाल असा फुगला की मला वाटलं, चला, अर्धा तास आपला.

वर्गाला सांगितलं, हॉलमध्ये टेबल नाही, आज सगळे ओट्यावर. नियम तीन. नोकरीत जो सगळ्यांत नवा, तो पहिला. आकडा मोठ्यानं सांगायचा नाही, चिठ्ठीवर लिहून घडी करून तांब्यात टाकायचा. बाळाला बाळासारखं धरायचं.

त्या तिसऱ्या नियमानंच सगळी मजा आणली. जन्मात कधी खाली न बसलेले डॉक्टर मांडी घालायला लागले. एकानं बाळ फाईलसारखं बगलेत धरलं. एक म्हणाला, "बाई, बाळ फार थंड आहे हो." गफ्फारभाई म्हणाले, "बोलू नका, आत्ताच झोपून राह्यलं." कोणी काटा बाजेवर ठेवला, कोणी भुईवर, एकानं बाजेच्या पायथ्याशी, तिथे तो कलंडायलाच लागला. एकानं दुपटं काट्यावर ठेवून आकडा शून्य करायचा तो केलाच नाही, वर बाळासाठी दुसरं दुपटं मागितलं. आणि बहुतेकांनी, आता बाळ घसरेल की काय म्हणून, एक हात अलगद त्याच्यावर ठेवला. शांता कोपऱ्यात उभी राहून बघत होती. शेवटी साहेब. त्यांनी बाळ फार मायेनं ठेवलं, दोन्ही बाजूंनी हात लावले, चष्मा वर करून आकडा बघितला, लिहिलं, "हूं" म्हणाले.

"शांता, चिठ्ठ्या तू वाच," मी म्हटलं.

तिनं तांब्यात हात घातला. पहिली, दोन किलो शंभर. दुसरी, दोन किलो आठशे. तिसरी, एक किलो नऊशे. चौथी, दोन किलो सहाशे. हसणं सुरू झालं. पाचवी उघडली आणि शांता थबकली.

"वाच ना."

"सहमत," शांता म्हणाली.

ओटा हादरला हसण्यानं. आमच्या एका जुन्या फार्मासिस्टची चिठ्ठी होती ती. चेहरा लाल करून बसले होते.

"अहो, कशाला सहमत?" मी विचारलं.

"जे ठरंल त्याला," ते म्हणाले. "हात सवयीनं चालला, बाई."

बाकीच्या चिठ्ठ्याही तशाच. एक जण कसा कोण जाणे, बराबर दोन किलो तीनशेवर होता. पाच जणांच्या मते बाळ चांगलं धडधाकट. शेवटची चिठ्ठी साहेबांची, दोन किलो नऊशे. सगळ्यांत गुटगुटीत बाळ साहेबांचं.

साहेबांना बोलायचं होतं. "हूं, हूं," करत त्यांनी हातवारे केले, मग उठून पान थुंकायला गेले. तेवढ्या वेळात ओट्यावरची माणसं पहिल्यांदा एकमेकांशी खरं बोलायला लागली. एक डॉक्टर म्हणाले, त्या दिवशी टेबलावरही आकडा हलत होता, पण मी म्हटलं, जाऊ द्या. दुसरा म्हणाला, माझंही तसंच. साहेब चूळ भरून आले तेव्हा सगळे गप्प झाले.

"लीलाबाई, बाळाचं खरं वजन किती?"

मी कुंची काढली, दुपटं सोडलं. दोन लोखंडी वजनं बाजेवर पडली. साहेबांनी खाली वाकून वरचा सरकारी शिक्का बोटानं चाचपला.

"माझा हात होता का वरती?"

मग कोपऱ्यातून शांता हळूच म्हणाली, "हो साहेब. लेकरू पडू नये म्हणून. सगळेच ठेवतात. मीबी ठेवते."

तिच्या जागी मी असते तर एवढं मन मोठं झालं नसतं. साहेब तिच्याकडे वळले. तिचं नाव काय, गाव कोणतं, विचारलं. गाव ऐकल्यावर त्यांना मेमो आठवला असावा.

"काय लिहिलंय त्या मेमोत?"

मी वाचून दाखवलं, उपकरण हाताळण्याची क्षमता दिसून येत नाही. मग वर्गाला म्हटलं, त्या काट्याच्या कागदावर तिसऱ्या नंबरची सही माझी आहे. मी तो काटा हातात घेतला नव्हता.

साहेब म्हणाले, "मंग हा मेमो बारा जणांना काढावा लागंल. माझ्यापासून." माझ्या हातातला कागद घेऊन त्यांनी चार घड्या केल्या आणि खिशात टाकला. तिथंच नवा कागद मागवला. "आधी हिला लिहू द्या."

शांतानं लिहिलं. काटा दवाखान्यात पक्क्या टेबलावर चांगला चालतो. घरोघरी नेण्याजोगा नाही, तिथं झोळीच असावी. बाळावर हात ठेवू नये. तीनच ओळी, पण माझ्या चाळीस पानांत इतकी अक्कल नव्हती. तिच्या खाली एकेकानं आपापलं लिहिलं, या वेळी प्रत्येकाचं वेगळं. साहेबांचा नंबर शेवटी. ते पेन घेऊन थांबले.

"खालती सही करायची सवय न्हाई, लीलाबाई. हात वरतीच जाऊन राह्यला."

शांताची ऑर्डर महिनाभरात निघाली. ती मला दाखवायला आली तेव्हा सोबत ते बाळ आणि त्याची आजी. आजीनं मला सांगून ठेवलं, "यंत्रात घालून बघायचं असंल तर बघा, पण आधी त्याला खाऊ द्या."

एक रुखरुख मात्र आहे, नंदे. बाकीच्या नऊ गावांत तीन महिने त्याच काट्यानं वजनं झाली होती. ती सगळी बाळं आम्ही पुन्हा झोळीत घातली, आणि काही खरंच अडीचच्या खाली निघाली. पण काही घरं कामाला बाहेरगावी गेली होती, काही बायका माहेरी. सगळी बाळं आमच्या हाती लागली असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. जुन्या कागदावरची माझी सही खोडायला मी गफ्फारभाईंकडे गेले होते. त्यांनी कपाट उघडलंच नाही. म्हणाले, "रेकॉर्ड आहे, बाई. राहू द्या. कोणी तपासायला आलं तर तुमच्यासारख्यांचीबी सापडली पाहिजे." ती अजून तिथंच आहे. म्हणून तुझ्या त्या फोनवर मला हसू आलं नाही.

पुढे किराणावाल्याच्या मुलानं दुकानात इलेक्ट्रिक काटा घेतला आणि लोखंडी वजनं मला देऊन टाकली. त्याच बाळावर मी निवृत्त होईपर्यंत वर्ग घेतले. कुंची तीच, तीट दरवर्षी नवी.

आता ते तुझं. पुढच्या बैठकीआधी एकदा येऊन जा. रक्तदाबाचं ते यंत्रही आण, सैल पट्ट्यानं, घट्ट पट्ट्यानं, जिना चढून आलेल्या माणसावर, सगळ्यांवर लावून बघू. गल्लीत माणसं भरपूर आहेत, मिक्सरवाली तर रोजच येते. तुझ्या साहेबांनाही आण हवं तर, त्यांच्या पानाचं मी बघते. जल्दी ये. बाळ बाजेवर ठेवलं आहे, आणि मी काही त्याला हात लावून बसलेली नाही.